अक्काचा कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होतो त्याबद्दल

उदगीर, सोमवार (दुकानातून)

चि. शिवप्रसादराव यांना दाजींचा शरणु शरणार्थ.

तू हैद्राबादेत खुशाल असशील, मंजुश्री आणि लेकरं मजेत असतील. इकडं मी बरा, माझी बीपीची गोळी बरी, तुझी अक्का म्हणजे आमच्या सौ. नागम्मा तर माझ्याहून बऱ्या. घरात आजारी एकच, तू बारा वर्षांपूर्वी तिला दिलेला कॉम्प्युटर. चांगला चालता चालता पडदा काळा होतो आणि मग आपला आपणच परत चालू होतो. लग्नात रुसलेला पाहुणा कसा गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि कुणी बोलवायच्या आत परत पंगतीला बसतो, तसं. (पाहुणा कोण ते तुला ठाऊक आहे. मंजुश्रीला हे वाचून दाखवू नकोस.)

मी समाजाच्या वधू-वर मेळाव्याची यादी टाइप करायला घेतली. एखाद्या मुलीची उंची टाकावी, शिक्षण टाकावं, की झालं, अंधार. सेव्ह करायचं दर वेळी राहून जातं. (तू सांगितलं होतंस. अक्का सांगते. आता मुलींचे बापही सांगायला लागलेत.) कंधारच्या एका इंजिनिअर मुलाला मी आजवर सहा वेळा जन्माला घातलंय. अक्काचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद, शिवप्रसादला बोलवा, त्याचा हात लागल्याबिगर हे सुधरायचं न्हाई. मी म्हटलं, बसस्टँडसमोर खोक्यावर बसून धंदा सुरू केलेला माणूस मी, तीस वर्षं पाण्याच्या जळक्या मोटारी भरतोय. बेअरिंग गेलंय का कॉइल जळाली, ते मोटार टेम्पोतून उतरायच्या आत आवाजावरून सांगतो. ह्या डब्याला हैद्राबादेहून डॉक्टर कशाला?

मग आयटीआयमधून रिटायर झालेल्या आनंदराज मास्तरांना घरी आणलं. त्यांचा पहिला संशय व्होल्टेजवर. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कॉम्प्युटरला लावला आणि फ्रिज बंद ठेवला. कॉम्प्युटर पडायचा तो पडलाच, वर दोन लिटर दूध नासलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी रॅम काढून खोडरबरनं घासली. गुण न्हाई. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि मी दुकानातला ब्लोअर आत धरला. शिवप्रसाद, असा पांढरा लोट निघाला की समोरचे मास्तर दिसेनात. झालं असं होतं, की हा डबा जाळीतून हवा ओढतो असं मीच एकदा अक्काला सांगितलं होतं. ती बिचारी दर सोमवारी बरोबर त्या जाळीलाच विभूती लावायची आणि समोर उदबत्ती खोचायची, देवाला आत पोचायला रस्ता मोकळा. बारा वर्षांचं ते पुण्य मास्तरांच्या मिशीवर येऊन बसलं. मास्तर कपाळ पुसत म्हणाले, "वीरभद्रशेठ, आम्ही बुद्धाची माणसं. अशी विभूती फासून घरी गेलो तर आमची आई उंबरा ओलांडू देणार न्हाई."

पंख्याचा आवाज एकदम गोड झाला. मी छाती काढून जाहीर केलं, रोग गेला, आता शिवप्रसादची गरज न्हाई. पाच मिनिटांत अंधार.

मास्तरांनी पॉवर सप्लाय बदलला, तरी तेच. गेल्या मंगळवारी अक्का देगलूरला बारशाला गेली होती, तर त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पठ्ठ्याची पापणी लवली न्हाई. अक्का आली, पिशवी ठेवली, "चाललं का?" विचारलं. मी म्हटलं, झकास, शिवप्रसादला कळवून टाकतो. ती बाजेवर बसून तुरीची डाळ निवडायला लागली. एक सूप निवडून व्हायच्या आत पडदा काळा. मास्तरांनी शेवटी हात टेकले. म्हणाले, वय झालं.

तेव्हा तू रजा काढायच्या भानगडीत पडू नकोस. (चार वर्षं मिळाली न्हाई, आता काय मिळणार.) भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. लेकरांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
वीरभद्र

ता. क. भंगारवाल्याला काही सांगितलेलं न्हाई. फोन केला असता, पण तुझी अक्का स्पीकर लावून शेजारी बसते, म्हणून हे पत्र. दर वेळी पडदा जायच्या आधी मला बारीक 'टिण्' ऐकू यायचं. तीस वर्षांत कुठल्या मोटारीनं असा आवाज काढला न्हाई. गुरुवारी डोळे मिटून नीट ऐकलं. आवाज डब्याच्या आतून न्हाई, बाहेरून. डबा टेबलाखाली, शेजारी बाज, बाजेवर अक्का, आणि तिच्या पायातलं जोडवं रीस्टार्टच्या बटणाला बरोबर पोचतं. तू आजवर तीनदा आलास, एकदा व्हायरस आला म्हणून, एकदा उंदरानं वायर कुरतडली म्हणून, एकदा मॉनिटर गेला म्हणून. मग चार वर्षं कॉम्प्युटर ठणठणीत राहिला. त्यात तिची काय चूक?

नागपंचमीला ये. दुरुस्तीचं सामान आणू नकोस, चार दिवसांचे कपडे आण. झाकण उघडून कपाळाला आठ्या घाल, आजार मोठा आहे म्हण. पहिल्या दिवशी दुरुस्त केलास तर माझ्याशी गाठ आहे.

ता. क. २. शुक्रवारी मी त्या बटणाची वायर गुपचूप काढून ठेवली होती. यादी पूर्ण झाली. पण अक्का दोन दिवस नुसती बटण दाबत राहिली, आणि काल संध्याकाळी तिचा चेहरा मला बघवेना. आज सकाळी ती अंघोळीला गेल्यावर वायर परत जोडली. आता कॉम्प्युटर पहिल्यासारखा बंद पडतोय. काळजी नसावी.