हीनाला डोंगर दाखवणे

२ नोव्हेंबर
हीनाला हैदराबादला नोकरी लागली. महिनाअखेर जाणार. काल जेवताना म्हणाली, अब्बा, जायच्या आधी एक दिवस ताम्हिणीच्या अभयारण्यात ट्रेकला जाऊ, आपण दोघंच. एकुलत्या एका मुलीनं मागितलं काय, तर डोंगर. लगेच हो म्हटलं. नेतृत्व अर्थात माझं. सगळं आयुष्य भरे गावात गेलं, डोंगर रोज खिडकीतून बघतो. उद्यापासून पहाटे चालायला जाणार.

३ नोव्हेंबर
गेलो नाही. चपलेवर चालून गुडघे बिघडतात. आधी बूट.

६ नोव्हेंबर
पिरंगुटहून ट्रेकिंगचे बूट आणले. दुकानदार म्हणाला, हे घालून लोक हिमालयात जातात. मी कंपनीत घालून गेलो. टाचेला फोड आला, म्हणजे बूट सेट होतायत. चालणं पुढे ढकललं.

९ नोव्हेंबर, रविवार
चाललो. भरे ते पिरंगुट. तिथे मिसळ, कारण व्यायामानंतर प्रोटीन लागतं. परत बसने. आज फक्त जाण्याचाच सराव होता.

१४ नोव्हेंबर
कंपनीच्या स्टोअरमधला शैलेश दर रविवारी गड चढतो. त्यानं माझ्या गुडघ्याचं विचारलं. सांगितलं, तो जिन्यावर दुखतो, डोंगराला जिना नसतो. गप्प बसला. नाजनीन गप्प बसत नाही. म्हणते, पोरगी चाललीय, तिच्याशी नीट दोन शब्द बोला, त्यासाठी डोंगर कशाला. बायकोला आउटडोअरमधलं काही कळत नाही. दोन शब्द मी माथ्यावर बोलणार आहे. ठरलंय. कोणते, ते बघू.

१६ नोव्हेंबर, रविवार
रंगीत तालीम. गावामागची टेकडी. अर्ध्यावर कुत्रं आडवं आलं. वरचा अर्धा भाग खालच्यासारखाच दिसत होता, म्हणून परतलो.

२२ नोव्हेंबर
सॅक भरली. दोर, शिट्टी, छत्री, मलम, बिर्याणीचा डबा. उचलून पाहिली. सॅक हीना घेईल. तरुण वयात सवय लागलेली बरी.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
पालथा झोपून लिहितोय.
सुरुवात उत्तम. खाली एकानं गाइड हवा का विचारलं. म्हटलं, मीच आहे. पहिल्या चढाला बऱ्याचदा थांबलो, हीनाला निसर्ग दाखवायला. मग एक अरुंद वाट आली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे पाय माझं ऐकेनात. बसलो. हीनाला म्हटलं, इथून व्ह्यू चांगला आहे. तिनं विचारलं, मग डोळे का मिटलेत.
मागे बावधनचा एक ग्रुप अडकला. एक्स्क्यूज मी काका, असं म्हणत एकेक जण मला ओलांडून गेला. मला वर जाता येईना, खाली येता येईना. हीनाला म्हटलं, तू जाऊन ये. ती गेली नाही. शेजारी बसली.
सॅक काढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, अब्बा, मला जायचं नाहीये. तिथे ओळखीचं कोणी नाही, छातीत धडधडतं. आधीच सांगणार होते, पण तुम्ही सगळ्या कंपनीत पेढे वाटलेत.
माझे दोन शब्द माथ्यासाठी होते. आम्ही माथ्यावर नव्हतो. मी विचारलं, बिर्याणी खातेस का. खाल्ली तिनं.
तेवढ्यात वरून शेरडं आली, मागे एक म्हातारी. म्हणाली, "पाव्हनं, वाटंत का बसलाय? सरा की." सांगितलं, विश्रांती घेतोय. म्हणाली, "लई येळ घेताय. मगाशी वरनं बघितलं तवा बी हितंच हुता." शेरडं माझ्यावरून गेली. मग मी बसूनच उतरायला लागलो. एक हात हीनाच्या हातात. तिला आधार हवा होता. पँट मागून गेली.

२४ नोव्हेंबर
रजा. हीनाला काय सांगायचं याचा विचार केला. जा म्हणावं की जाऊ नको म्हणावं. दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत. उद्या सांगतो.

२७ नोव्हेंबर
सांगायला तिच्या खोलीत गेलो. ती बॅग भरत होती. म्हटलं, दोरानं बांधून देतो. म्हणाली, अब्बा, झिप आहे. म्हटलं, बरं. आलो.

३० नोव्हेंबर
पुणे स्टेशन. गाडीत बसल्यावर हीना माझ्याकडे बघत राहिली. आता बोलायचंच, असं ठरवलं आणि पाण्याची बाटली आणायला गेलो. आलो तेव्हा गाडी हलली होती. हात हलवला. बहुतेक तिचाच डबा होता.

७ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
हीनाचा फोन. ऑफिसची मंडळी कुठल्याशा डोंगरावर नेतायत, जाऊ का, भीती वाटते. यावेळी मी तयार होतो. सगळं बोललो. भीती मलाही वाटते, तुझ्या शेजारी बसलो होतो तेव्हा तुला जाऊ नको म्हणावंसं वाटत होतं, घर रिकामं वाटतं, तरी तू जा, नाही जमलं तर परत ये, मी स्टेशनवर येईन. इतकं मी कधी बोललो नव्हतो. पलीकडे शांत होतं. मला वाटलं, रडतेय.
फोन कानापासून काढून पाहिला. कट झाला होता. कधी, ते कळत नाही.
परत लावला. बिझी. स्वयंपाकघरातून नाजनीनचा आवाज आला. हीना तिच्याशी बोलत होती, दोघी कशावर तरी हसत होत्या. मी दारात जाऊन उभा राहिलो. नाजनीननं हातानं खूण केली, थांबा.
थांबलोय.