यंदा मामा आजारी पडणार नाही

४ मे, सकाळ. रामनगर बसस्टँड.
बेळगावची बस वेळेवर पोचली. आता आक्काच्या गावाकडे जाणाऱ्या जीपची वाट बघतोय. सुट्टी मजेसाठी टाकलेली नाही. १५ तारखेला आक्काच्या मुलीचं, सोनियाचं लग्न आहे आणि मी तिचा एकुलता एक मामा. मामानं हात धरून नवरीला मांडवात आणायचं, मगच अक्षता. गेल्या मे महिन्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मी ऐन मुहूर्ताला परसाकडे होतो. जुलाब. माझा मान झिलूनं घेतला. झिलू हा दाजींचा शेजारी, नात्यानं कोणी नाही. वर्षभर अधूनमधून तो फोटो स्टेटसला ठेवतो.
यंदा आजारी पडणार नाही. औषधांच्या होलसेल दुकानात बिलिंगला आहे, म्हणजे अर्धा डॉक्टरच. संकल्प: पाणी उकळूनच. उघड्यावरचं नाही. फणस नाही. उन्हात टोपी आणि खिशात कांदा.
जीप येईपर्यंत उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा. गाड्यावरच्या बर्फाचा काय भरवसा?

५ मे.
इथे सगळे डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तसंच पितात. आक्काला म्हटलं, उकळत जा. चुलीवर लाडवाचा पाक आहे, ती म्हणाली, तुझं पाणी कुठं ठेवू. मग बायकोला, सुप्रियाला म्हटलं. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन बारा वर्षं झाली, ते बघणं ओळखतो. शेवटी परड्यात तीन दगड मांडून स्वतःच उकळलं. डोळे सुजले. पण पाणी एकदम निर्जंतुक.

६ मे, दुपार.
उकळलेलं पाणी थंड होत नाही. चहा नसलेला चहा पितोय असं वाटतं. फ्रीज आहे, पण पान हललं की लाइट जाते.
दाजींनी कापा फणस फोडला. नाही म्हणालो. सगळे म्हणाले बरं. कोणी आग्रहच केला नाही, त्याचं वाईट वाटलं. मग घेतला. गऱ्यात फायबर असतं.

७ मे.
अडचण सुटली. सकाळी मासेवाला वासू मोटरसायकलवरून भोंगा वाजवत येतो. मागच्या पेटीत भरपूर बर्फ. थोडा मागितला तर फुकट दिला. बांगडा घ्या की, म्हणाला. म्हटलं, लग्नघर आहे, देवकार्य झालंय, फक्त बर्फ दे. माशाला न लागलेला, वरचा दे म्हणून बजावलं. डोकं चालवावं लागतं.
घरी येऊन तो उकळलेल्या पाण्यानं धुतला. निम्मा विरघळला. उद्यापासून धुणार नाही. नाहीतरी एवढ्या थंडीत कुठला जंतू जगणार?

९ मे.
पाणी छान गार. किंचित खारट लागतं. खनिजं असणार, ती शरीराला हवीतच.
संध्याकाळी पापड लाटणाऱ्या बायकांना उन्हाळ्यातल्या आजारांवर माहिती दिली. हात कसे धुवावेत ते करून दाखवलं. त्या हसत होत्या. सोनिया मात्र शेवटपर्यंत बसली. गुणी पोर. लहानपणी माझ्याच खांद्यावर बसून जत्रेत फिरायची. तिला मांडवात नेताना रडू येऊ नये म्हणून मनाची तयारी करतोय.
झिलू येऊन झऱ्याचं दोन तांबे पाणी प्याला, आंबा खाल्ला, उन्हात बोडक्यानं गेला. याची तब्येत ढासळणार, लिहून ठेवतो.

११ मे.
पोटात गुडगुड. झिलूची नजर लागली असणार. फणसावर संशय होता, पण फणस तर सगळ्यांनी खाल्ला.
सुप्रिया विचारत होती, मासे घ्यायचे नसताना वासू आपल्या दारात रोज का थांबतो. ओळख झालीय म्हणालो. बायकांना सगळंच सांगून चालत नाही.

१३ मे.
चार वेळा जाऊन आलो. हे शरीराचं शुद्धीकरण आहे. पोट धुऊन निघावं म्हणून गार पाणी दुप्पट केलं.
झिलूनं फेटा आणलाय. सहज आणला म्हणतो.

१४ मे, संध्याकाळ. पडून लिहितोय.
उलट्याही सुरू. दाजींनी जीपनं जोयड्याला डॉक्टरकडे नेलं. पाणी कुठलं पिता, त्यांनी विचारलं. अभिमानानं सांगितलं, फक्त उकळलेलं. ते बुचकळ्यात पडले. सलाइन लावलं, औषध आणि मीठ-साखरेचं पाणी लिहून दिलं.
परतलो तर हळदीच्या मांडवात वासू, आमंत्रण होतं. सगळ्यांसमोर त्यानं मला विचारलं, आज बर्फ न्हाई न्यायला आलासा? सुप्रियानं कसला बर्फ म्हणून खोदून काढलं. पाण्यात घालायला, मी म्हणालो.
वासूचा चेहरा पडला. "दादा, पियाला नेत होतासा व्हय? मला वाटलं पाय मुरगळलाय, सूज उतरवायला नेताय. गोव्याहून मासं त्यातच येत्यात की."
मांडव हसला. आक्का हसली. सुप्रिया हसता हसता ओट्यावर बसली. मग उठून मीठ-साखरेचं पाणी करून आणलं आणि घोट घोट पाजलं.
उद्याचं झिलूला सांगितलंय म्हणे. भिंतीकडे तोंड केलं. खरंच वाईट वाटलं.

१५ मे, सकाळ.
जुलाब थांबलेत. पाय लटपटतात. बाहेर झिलूनं फेटा बांधलाय. त्याला शोभतो, हे कबूल करायला जड जातं.

१५ मे, दुपार.
मुहूर्ताआधी शालू-मुंडावळ्यांत सोनिया खोलीत आली.
"मामा, उठा. तुम्ही न्हाई तर मी बी न्हाई जाणार."
वाटेत काही झालं तर, मी म्हणालो.
"मग दोघं परत येऊ," ती म्हणाली.
उठलो. मनाची तयारी फुकट गेली, खोलीतच रडलो. तिनं माझा दंड धरला. मागून झिलू प्लास्टिकची खुर्ची घेऊन, लागलीच तर असावी म्हणून. पोचलो. अक्षता पडल्या.

१७ मे. बेळगाव.
व्हिडिओ आला. एकंदरीत संकल्प तडीस गेला. मान मामाकडेच राहिला, हे जगानं बघितलं.
फक्त कॅमेरावाल्याचा अँगल चुकलाय. नवरीच मामाला धरून मांडवात आणतेय असं दिसतं. मामाच्या खिशात कांदा, मामाच्या मागे खुर्ची.
झिलूनं स्टेटसला ठेवलाय.