बांधाकडची ओळ

२८ नोव्हेंबर
ठिबक बंद केलं. डाळिंब आजपासून ताणावर — पाणी तुटलं की पानं गळतात, मग पुन्हा पाणी दिलं की बहार एकदम फुटतो. नानांना पटलेलं नाही. 'सूनबाई, जित्या झाडाचं पाणी तोडतीस?' एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

नवऱ्याचा, इंद्रजितचा, पठाणकोटहून फोन — 'हा शेवटचा बहार. फसला तर बाग काढायची, ऊस लावायचा.' सुट्टीवर येणार चार दिवस, आणि हुकूम वर्षभर! बाग माझ्या हौसेची, म्हणून सगळं माझ्याच डोक्यावर.

१० डिसेंबर
पानं पिवळी पडायला लागली. दिसायला वाईट, पण हेच हवं. पानातलं नत्र आता माघारी फिरतं, फांदीत-मुळात जाऊन साठतं. त्याच्याच जिवावर पुढं कळी फुटते. पान हिरवं असतानाच औषध मारून पाडलं, तर ती शिदोरीही मातीत.

इंद्रजितला हे किती वेळा सांगितलं. त्याचं एकच — 'फवारणी कवा?' अरे, झाडाला बांधाबांध तरी करू दे!

१५ डिसेंबर
बांधाकडची ओळ अजून हिरवीगार. का? डोळ्याला डोळा नाही.

१६ डिसेंबर
बांधापलीकडे हंबीररावांचा ऊस. पाट भरभरून पाणी देतात, तेच पाझरत असणार. जाऊन भांडले. 'आवं वैनी, आमची मोटारच जळलीया. पानी कुठनं पाझरंल?' म्हणाले. खोटं बोलायची लाज वाटत नाही का, असं तोंडावर विचारलं.

नाना मागे उभे होते, मान खाली घालून. माझ्या तोंडाचा पट्टा ऐकून शरमले असतील.

१९ डिसेंबर
एरवी दिवसभर मी कडेगावला आमच्या औषधाच्या दुकानात असते; आज ते लवकर बंद केलं. दुपारीच शेतात गेले, तर बांधाकडच्या ओळीत नाना. हातात घागर! हौदापासून वाहत होते, ह्या वयात.

मी नको ते बोलले. बाग गेली तर तुमच्यामुळं जाईल, असंही. नानांनी घागर खाली ठेवली, तिथंच बसले. 'ही वळ सुलानं लावल्याली,' म्हणाले. सुला म्हणजे माझ्या सासूबाई.

घागर जवळ ओढत पुढं म्हणाले — 'दवाखान्यात पानी मागायची. डाक्टर म्हनला हुता, किडन्या गेल्यात, घोटभरच द्या. लय मागायची गं. मी दिलं न्हाई.'

सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत आम्ही कुणी नानांना काही विचारलंच नाही. मला रडू आवरेना. ते मात्र झाडाच्या बुंध्याकडे बघत बसले होते.

२० डिसेंबर
सकाळी हंबीररावांची माफी मागून आले. मग त्या ओळीच्या ठिबकचा कॉक नानांच्या हातानं उघडवला. ताण नाही, म्हणून ती ओळ यंदा बहार धरणार नाही. इंद्रजितनं विचारलं तर सांगेन — ती बागेत मोजायची नाही, आईंची आहे.