टॉर्किलच्या गुरुवारच्या फेऱ्या

७ जानेवारी १९७८, शनिवार

आज सामना झालाच नाही! आमचे नऊच गडी. बारा लागतात. या मोसमात दुसऱ्यांदा सामना सोडून दिला. तिसरा सुटला की लीगमधून नाव कायमचं जाणार. पंच्याऐंशी वर्षांचा आमचा आरख क्लब! आजोबांनी काढला, बाबा गोल राखायचे. आणि तो मी सेक्रेटरी असताना बुडायचा?

पोरं तरी कुठून आणायची? निम्मी तेलाच्या कामावर समुद्रात, उरलेली शहरात. शिंटीच्या, म्हणजे आमच्या डोंगरी हॉकीच्या, काठ्या करणारा फार्कर म्हणाला, ‘एफी, आता तूच घाल बूट.’ मला हसू आलं नाही.

१२ जानेवारी, गुरुवार

दुपारी टॉर्किल गाडी घेऊन गेला. का? ‘मेंढ्यांचं औषध आणायला.’ औषधाचं दुकान गुरुवारी दुपारी बंद असतं. नवरा आहे, क्लबचा अध्यक्ष आहे – पण खोटं बोलायला अगदी कच्चा.

१३ जानेवारी

पोस्टातली जेसी तिकीट चिकटवता चिकटवता म्हणाली, ‘काल तुझा टॉर्किल बालवोरला दिसला गं. त्यांच्या क्लबच्या अध्यक्षाबरोबर हॉटेलात सूप पीत बसला होता.’

बालवोर! चौतीस सालच्या अंतिम सामन्यात त्यांच्याच एका गड्याने बाबांचे दोन दात पाडले. आम्ही मयतीलासुद्धा त्यांच्या शेजारी उभे राहत नाही. आणि हा सूप पितो!

१९ जानेवारी, गुरुवार

पुन्हा गेला. आला तो शीळ घालत. त्याचा कोट खुंटीला लावताना खिशातून खेळाडूंच्या बदलीचे फॉर्म डोकावले. तीन! खाली बालवोरच्या अध्यक्षाची सही. नावं बघणार तोच जिन्यात पाऊल वाजलं.

‘काही सांगायचंय?’ मी विचारलं.

‘सामन्याच्या दिवशी कळेल.’ आणि वर डोळा मिचकावला!

आमचे उरलेसुरले तीन चांगले गडी तो त्यांना देऊन टाकतोय. माझी खात्रीच झाली.

२० जानेवारी

शिंटी संघटनेला पत्र टाकलं. क्लबच्याच त्या एक अक्षर वर उडणाऱ्या टाइपरायटरवर, खाली नाव न घालता. ‘बालवोर आरखचे खेळाडू फोडत आहे. सर्व बदल्या रोखा, चौकशी करा.’ स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध लिहिलं. हात जराही कापला नाही, हे मला आवडलं नाही.

२१ जानेवारी

मैदानावर गुडघाभर बर्फ. सामना पुढच्या शनिवारी.

२८ जानेवारी, शनिवार

मी चहापानाचे सँडविच कापत होते. फाटकापाशी एक व्हॅन थांबली. काठ्या घेऊन तीन पोरं उतरली – बालवोरची! टॉर्किल त्यांना आमचे लाल सदरे वाटत होता. आमचे नऊ आणि हे तीन!

‘मोसम संपेपर्यंत उसने मागून आणलेत,’ तो मला म्हणाला. ‘आधी सांगितलं असतं तर तुम्ही सगळे आडवे आला असतात. सगळ्यात आधी तू!’

मग पंच आला. हातात कागद. ‘या तिघांच्या बदल्या थांबवल्यात. निनावी तक्रार आलीय. ही त्या पत्राची झेरॉक्स.’

टॉर्किलने ती वाचली. वर उडालेल्या त्या अक्षरावर त्याचं बोट थांबलं. पुन्हा वाचली. घडी करून खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

नऊच गडी. तिसरा सामनाही सुटला. संपलं. त्या पोरांपैकी एकाने सदरा काढून नीट घडी घालून माझ्या हातात दिला. ‘पुढच्या वेळी बोलवा, मावशी.’ मला तिथेच मरून जावंसं वाटलं.

घरी आल्यावर टॉर्किल सरळ मेंढ्यांकडे गेला.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लब बंद करायची सभा. सगळे फार्करवर तुटून पडले – ‘बालवोरचं नाव काढलं तरी तू थुंकतोस! पत्र तुझंच!’ बिचारा शपथा घेत होता. मी उठणार, तोच टॉर्किलचा हात माझ्या खांद्यावर पडला. दाबून बसवलंन मला. स्वतः उभा राहिला.

‘पत्र मी लिहिलं,’ तो म्हणाला.

कुणीतरी त्याला फितूर म्हटलं. मी बसूनच राहिले.