घास हातात धरून

प्रिय सुबोध,

तुझ्या नव्या फ्लॅटचे फोटो पाहिले. तिकडे इंग्लंडात, माणसं येईनाशी झाली म्हणून बंद पडलेल्या चर्चमध्ये तू घर घेतलंस. वेदीच्या जागी तुझा फ्रिज आहे. त्याचं वाईट नाही वाटलं, खरंच. इथे शारजात चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते, पण त्या गर्दीत मराठी बोलणारं कुणी नाही.

वाईट वाटलं ते परवाच्या व्हिडिओ कॉलवर. आपण आपापल्या घरी जेवायला बसलो होतो. मी आईसारखे प्रार्थनेसाठी डोळे मिटले. तुझ्या लेकीने विचारलं, "इज आत्या स्लीपिंग?"

तू म्हणालास, "यस, शी इज टायर्ड."

तिला खरं सांगायची लाज वाटली का रे तुला?

इथे शारजाच्या रोल्ला भागात माझ्या खोलीवर रत्नागिरीची कुबरा राहते. मी आमेन म्हणेपर्यंत ती घास हातात धरून थांबते, मग बिस्मिल्ला म्हणते. पुढच्या महिन्यात ती कायमची गावी चाललीय.

रिटायर झालीस की इकडेच ये, म्हणतोस. येईन. पण मी डोळे मिटले तर थांबशील? हे विचारवत नाही, म्हणून पत्र पाठवणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, फ्लॅट छान आहे.

तुझी दमलेली,
करुणाताई