मी माझ्यासाठी आलेय

प्रिय मावशी,

आईनं तुला सांगितलं असेल की मी दर शनिवारी कसल्याशा कोर्सला जाते. कसला कोर्स! दारू सोडलेल्या आणि सोडू बघणाऱ्या माणसांच्या सभेला जाते, कारण मीही त्यांच्यातलीच. आज एकशे चार दिवस झाले, थेंब घेतलेला नाही. कपाळावर हात मारून घ्यायचा तर घे, पण पत्र खाली ठेवू नकोस.

प्रयोगशाळेत मी दिवसाला शंभर जणांचं रक्त तपासते, हे तुला माहीत आहे. साडेतीन महिन्यांपूर्वी एका दुपारी मी माझंच रक्त काढलं, नळीवर कुणा पुरुषाचं खोटं नाव लिहिलं आणि यंत्रात घातलं. यकृताचे आकडे बघून शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, हे आजोबा काही फार दिवसांचे सोबती दिसत नाहीत. मी हसले. घरी जाऊन आणखी प्यायले. सकाळी उठले आणि सभेचा पत्ता शोधला.

पहिल्या सभेच्या दारातच एका गृहस्थांनी मायेनं विचारलं, बाळ, वडिलांसाठी आलीस का? मी नुसती मान डोलावली. त्यांनी मला शेजारच्या खोलीत नेऊन बसवलं, तिथे पिणाऱ्यांच्या घरच्यांची सभा होती. एका काकूंनी पाठीवरून हात फिरवला, धीर धर पोरी, नवरा सुधारेल. न झालेला नवरा सुधारायची वाट बघत मी चहा प्यायले आणि परत आले. दुसऱ्या ठिकाणी एक मास्तर एकेकाला उपदेशाचे डोस पाजत होते. मला म्हणाले, एवढी शिकलेली मुलगी आणि हे? जणू पदवीच्या कागदानं घशाला बूच बसतं! तिसऱ्या ठिकाणी मात्र मी दारातूनच मोठ्यानं सांगितलं, मी माझ्यासाठी आलेय. एका निवृत्त बसड्रायव्हरांनी शेजारची खुर्ची ओढली आणि ते म्हणाले, मग उभी का? बस की. त्यांना मी आधीच्या दोन्ही सभांची गाऱ्हाणी ऐकवली. ते म्हणाले, सभा पटली नाही तर सभा बदलायची, सभेला जायचं सोडायचं नाही.

तिथे मी टिकले. पण काही गोष्टी पंधरा पुरुषांसमोर ओठांपर्यंत येतात आणि परत फिरतात. म्हणून म्हटलं, बायकांची वेगळी सभा हवी. सभा चालवणाऱ्यांपैकी एकजण हसले, इथे बायका कुठे पितात? मी म्हटलं, पितात, तुम्हाला दिसेल अशा पीत नाहीत, एवढंच. ड्रायव्हरकाका म्हणाले, तू खोली शोध, चहाचं पातेलं मी देतो. वाचनालयाच्या बाईंनी त्यांची वरची खोली दिली, शनिवारी चार ते पाच, फक्त या महिन्यापुरती. कोणी फिरकलं नाही तर ती चित्रकलेच्या वर्गाला जाईल. तीन शनिवार मी सहा खुर्च्या मांडून एकटी बसलेय. एकदा एक बाई डोकावल्या, पण त्यांना शिवणाचा वर्ग हवा होता.

आई म्हणते, घरातली पहिली पदवीधर आणि हे दिवे लावलेस! हळू बोल, भिंतींना कान असतात. मी हळू बोलणार नाही. मी प्यायचे तेव्हा हीच आई कामावर फोन करून सांगायची, तिचं डोकं दुखतंय. ते चाललं. आता शुद्धीत राहून खरं बोलते, तर म्हणे घराण्याचं नाक कापलं!

आणि हे डोकं दुखणं मी पहिल्यांदा कुठे ऐकलं, मावशी? तुझ्या घरी. सुट्टीत यायचे तेव्हा दुपारनंतर तुझं शिवणाचं मशीन थांबायचं, खोलीचं दार लोटलं जायचं आणि सगळे कुजबुजायचे, मावशीचं डोकं दुखतंय, दंगा करू नका. दहा वर्षांची होते मी. टेप शोधताना गणवेशांच्या कापडाच्या गठ्ठ्यामागे हात गेला आणि बाटली लागली. वास घेतला, होती तशी ठेवली, कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी तू सुजल्या डोळ्यांनी उठलीस आणि माझ्या फ्रॉकची शिवण उसवून पुन्हा घातलीस, वाकडी टीप मला खपत नाही म्हणालीस. गप्प राहणं म्हणजे तुझ्यावर माया करणं, असं मला वाटायचं. सगळं घर अजून तुझ्यावर तशीच माया करतं. माझ्याकडून ती आजपासून बंद.

येत्या शनिवारी खोलीचा शेवटचा दिवस आहे. ड्रायव्हरकाका सांगतात, दोन माणसं जमली की सभा होते, एकटीचं ते नुसतं बसणं. म्हणून हे पत्र. दीडची बस धरलीस तर चारला पोचशील. तिथे नाव सांगायचं नाही, मनात नसेल तर बोलायचंही नाही. मी तुला बरी करायला निघालेली नाही, माझंच मला रोज सकाळी नव्यानं ठरवावं लागतं. आई म्हणेल, मी सख्ख्या मावशीवर आळ घेतला. म्हणू दे. तुलाही राग आला असेल, तर हे पत्र मुठीत चुरगाळून तशीच ये, जिना चढ आणि माझे कान उपट. तरीही आपण दोघी असू.

तुझीच,
आगाऊ भाची