बाटलीवरची गाडी

३ नोव्हेंबर

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

गाडी मला देताना तू म्हणाला होतास, हिला प्रेमाने वागव. प्रेम करून करून माझी कंबर मोडली, पण ही महिनाभर चढावर दगा देते आहे. सपाटीवर शहाण्यासारखी चालते. दवाखान्याच्या अलीकडचा लांब चढ लागला की आधी आचके देते, मग गप्प. बराच वेळ थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते.

ह्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर तीनदा खोलून धुतला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाशी लग्न केलं की घरातल्या प्रत्येक वस्तूवर प्रयोग होतो. थट्टा जाऊ दे. सासूबाईंना रक्त शुद्ध करायला दर गुरुवारी पहाटे न्यावं लागतं. गेल्या खेपेला चढावरच अडकलो आणि त्यांना धाप लागली. हात धरला तर घामाने गार. उशीर अजिबात चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि इतक्या पहाटे भाड्याची गाडी मिळत नाही. दादा, मला भीती वाटते. लवकर लिही.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ठमी


७ नोव्हेंबर

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

कार्बोरेटरला आता आंघोळी पुरेत, असं मास्तरांना सांग. तो स्वच्छ आहे, पण उपाशी आहे. सपाटीला थोडं पेट्रोल पुरतं, चढाला जास्त लागतं आणि ते पोचत नाही. पुन्हा बंद पडली की एअर क्लीनरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढा. आत पेट्रोलची पिचकारी उडाली नाही, तर पेट्रोल तिथवर येतच नाही. मग टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचं भोक बुजलंय. नाही आला, तर माझा संशय टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला असणार.

खात्रीसाठी पंप वगळून बघा. पेट्रोलची छोटी बाटली उंच टांगायची, नळी सरळ कार्बोरेटरला जोडायची आणि रेस द्यायची. गाडी सुधारली तर चोर पंपच. पण हे फक्त अंगणात, उभ्या गाडीवर. इतक्या जुन्या गाडीचा पडदा सहज मिळत नाही, मी शोधतोय.

सासूबाईंना जप, आणि स्वतःलाही. आमची आठवण काढत जा.

तुझा,
दादा


१४ नोव्हेंबर

ती. दादा,
शि. सा. न. वि. वि.

पिचकारी उडाली नाही, झाकणाचा आवाजही नाही, आणि बाटलीवर गाडी अशी गरजली की शेजारी दारात आले. हे दिवसभर तुझं नाव घेत होते, तेही चांगल्या अर्थाने!

पण पडदा येईपर्यंत गुरुवार थोडाच थांबतो? ह्यांनी डोकं चालवलं. बाटलीऐवजी पाच लिटरचा डबा. तो मांडीवर घेऊन मी पुढच्या सीटवर बसते, नळी खिडकीतून बॉनेटखाली जाते. नळी कुठली, ओळख पाहू. सासूबाईंच्या सलाइनची! आरपार दिसते, त्यामुळे पेट्रोल उतरतंय की नाही ते कळतं, शिवाय बंद करायला चिमटाही आहे. चढाला इंजिन वर जातं, म्हणून तिथे मी डबा छातीशी उचलून धरते. कालचा गुरुवार असा पार पडला. सासूबाई मागे झोपून गेल्या, त्या दवाखान्याच्या दारातच उठल्या.

वासाने डोकं दुखतं, एवढंच. आणि घरी आल्यावर नळी टोकाशी जरा मऊ, चिकट लागली. ह्यांनी तेवढं टोक कापून ती पुन्हा चढवली. पडद्याची आता घाई नाही, सावकाश पाठव.

लोभ आहे, त्यात तूट येऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी


१८ नोव्हेंबर

चि. सौ. ठमीस,
आशीर्वाद.

घाई नाही म्हणतेस? सलाइनच्या नळीला पेट्रोल सोसत नाही, इंजिनची धगही सोसत नाही. ती सैल पडून निसटते. चिकट लागली, ती हीच सुरुवात. निसटली की पेट्रोल तापलेल्या लोखंडावर पडणार आणि डबा तुझ्या मांडीवर असणार. अंगणात म्हणून लिहिलं होतं ना ग मी!

शाळेत फोन केला, सुट्टीमुळे कोणी उचलत नाही. पडदा मिळाला, सोबत पाठवतोय. परवाच्या गुरुवारी दूधवाल्याच्या टेम्पोत बसवून न्या, पण ही गाडी रस्त्यावर काढू नका. फार रागावलो आहे, म्हणून खाली नेहमीचं काही लिहीत नाही.

दादा


२२ नोव्हेंबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

अक्षर माझं पाहून तुम्ही घाबरला असाल. ठमी आणि आई दोघी जिवंत आहेत, हे आधी लिहितो.

गुरुवारी चढाच्या शेवटच्या वळणावर नळी निसटली. तोवर इंजिन एकदाही अडखळलं नव्हतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. बॉनेटमधून जाळ निघाला आणि नळीवरून डब्याकडे आला. ठमीने चिमटा दाबला, पण नळी पेटलेलीच होती. मी मागच्या दारातून आईला ओढत होतो, आणि तिला पाय उचलवत नव्हते. डबा सीटवर टाकला असता तर आई सुटली नसती. म्हणून ठमी तो पेटता डबा हातात घेऊनच उतरली आणि दूर कडेला नेऊन टाकला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आहेत. बोटं वाकतील का, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

तुमचं पत्र आणि पडदा काल मिळाला. पत्र तिच्या उशाशी बसून वाचून दाखवलं. उभ्या गाडीवरच, हे मी पहिल्या पत्रातही वाचलं होतं. प्रयोग जमला की अट संपली, असं मी धरून चाललो. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, मी त्याच लायकीचा आहे.

ठमी दोन गोष्टी लिहायला सांगते. दादाचं निदान अगदी बरोबर होतं. आणि नेहमीचं काही न लिहिता त्याने पुन्हा कधी पत्र संपवू नये, तिला फार भीती वाटते.

आपला,
मास्तर